शत्रूची शिफारस

राखीव फौजेतून सुटलेल्या इसमाने महिनाअखेरपर्यंत नागरी नोकरी धरावी, असा नियम आहे. न धरल्यास तो इसम मोकळा समजला जातो, आणि मोकळा इसम आढळला की फौज त्याला पुन्हा बोलावून घेते. नियमामागचा हेतू उदात्त आहे. देशात कोणी बेकार राहू नये, एवढीच फौजेची इच्छा.

खांब या नियमात बरोबर सापडला. आईवडिलांनी त्याचं नाव काही वेगळं ठेवलं होतं, पण नदीकाठच्या पहाऱ्याच्या मनोऱ्यावर तो इतका सरळ आणि इतका वेळ उभा राहिला की फौज त्याला खांब म्हणायला लागली, आणि सुटून घरी येतो तर नाव त्याच्या आधी पोचलेलं. फौजेत जाण्यापूर्वी तो एका गाद्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. तयार गादीवर आडवं व्हायचं, या कुशीवरून त्या कुशीवर वळायचं आणि कुठे गाठ लागते, कुठे खड्डा पडतो ते सांगायचं, हे त्याचं काम. लोक हसायचे, पण काम नाजूक होतं आणि त्याला ते चांगलं जमत होतं. तो परत येईपर्यंत मालकाने गाद्या सोडून लोखंडी दारं बनवायला घेतली होती. दारावर आडवं होऊन काही कळत नाही, त्यामुळे तिथे त्याला जागा नव्हती.

घरात बायको होती आणि मुलगी होती. मुलगी तो मनोऱ्यावर असताना जन्मली आणि आता चुरूचुरू बोलत होती. तो आला त्या दिवशी तिनेच दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आत वळून ओरडली, "आई, कोणीतरी काका आलेत!" जेवायला बसल्यावर तिने आईच्या कानात विचारलं, "हे काका कधी जाणार?" कानात विचारलेलं साऱ्या घराला ऐकू गेलं. खांबाचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. गोळीबारानेही त्याची कधी अशी अवस्था झाली नव्हती. त्याने मनाशी पक्कं केलं, काय वाट्टेल ते होवो, महिना संपायच्या आत नोकरी धरायची आणि या घरातून आता हलायचं नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाला गाद्यांचा एक मोठा, नवा कारखाना निघाला होता आणि तिथे तपासनीस हवा होता. योग जुळून आला म्हणायचा. मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी त्याला समोर बसवलं, पाणी दिलं, त्याचे कागद चाळले आणि खूश झाल्या.

"अनुभव छान आहे तुमचा. फक्त एक रेफरन्स लागेल. शेवटच्या कामाच्या ठिकाणचा."

"म्हणजे फौजेतला?"

"हो. तुमचं काम रोज, प्रत्यक्ष, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय असं कोणीतरी. नातेवाईक नको, मित्र नको. तुम्हाला नोकरी लागली काय, न लागली काय, ज्याला काडीचा फरक पडत नाही असा माणूस हवा. मग अभिप्राय कसा निःपक्षपाती राहतो."

"मॅडम, मी गादीवर आडवा होऊन दाखवतो ना. आत्ता, इथल्या इथे."

"आडवं कोणीही होईल हो," मॅडम समजुतीने म्हणाल्या, "पण पद्धत म्हणून काही असते की नाही?"

खांब फौजेच्या कचेरीत गेला. त्याच्या वेळचे मोठे साहेब बदलून गेले होते. त्यांच्या आधीचे निवृत्त झाले होते, आणि त्यांच्याही आधी कोण होते यावर कचेरीत दोन मतं होती. सध्याचे कॅप्टनसाहेब एकदा मनोऱ्याच्या पायथ्यापर्यंत आले होते, पण शिडी बघून त्यांना दुसरं काम आठवलं. शेवटी कचेरीतल्या हवालदाराने मनापासून विचार केला.

"असं करू. तू मोजणीत भरलास, असं लिहून देतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे रोज माणसं मोजली जायची, आणि तुझ्यामुळे आकडा कधी कमी पडला नाही."

"पण मी काम कसं केलं, ते?"

"ते आम्हाला रे कसं कळणार?" हवालदार चक्रावला. "फौजेत आपल्या माणसाकडे बघत नाहीत. सगळ्यांनी पलीकडे बघायचं. तुझ्याकडे बघायचं काम शत्रूचं."

हवालदार सहज बोलून गेला आणि चहा प्यायला निघून गेला. खांब मात्र ते वाक्य घेऊनच घरी आला. घरी मेहुणा येऊन बसला होता. हा मेहुणा ज्याची चलती असेल त्याचा धंदा करी. गेल्या वर्षी त्याने हवा शुद्ध करायची यंत्रं विकली होती, आणि यंत्रं संपल्यावर नुसती पत्रकं.

"कमाल आहे बाई," बायको म्हणाली, "इतका काळ उन्हातान्हात उभे राहिलात, आणि एका माणसाने म्हणून तुमच्याकडे बघितलं नाही?"

"एकजण बघायचा," खांब म्हणाला. "पलीकडून. दुर्बिणीतून."

पलीकडच्या काठावर तसाच एक मनोरा होता आणि त्यावर एक मिशीवाला होता. दोघांचीही ड्युटी एकच, समोरच्यावर नजर ठेवणे. दोघांमध्ये नदी होती, वैर होतं आणि एका शब्दाचंही बोलणं झालेलं नव्हतं. तरी मिशीवाला मोजे कधी धुतो, ते कठड्यावर कसे वाळत घालतो, घरून निरोप आला नाही की कसा मिशी चावत बसतो, हे सगळं खांबाला पाठ होतं. मेहुण्याने हे ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"भाऊजी, मग अडलंय कुठं? रोज बघितलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. नातेवाईक आहे? नाही. मित्र आहे? छे! आणि निःपक्षपाती म्हणाल तर तुम्ही मेला असतात तरी त्याला चाललं असतं!"

बायकोने भावाकडे डोळे वटारून बघितलं. पण मुद्दा बिनतोड होता.

आता शत्रूला गाठायचं कसं? दोन्ही देशांचं जगातल्या एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं, अपवाद फक्त शेळ्यांचा. नदी आटली की शेळ्या चरत चरत पलीकडे जात, म्हणून दर आठवड्याला दोन्ही बाजूंचे अधिकारी पुलाच्या मधोमध टेबल टाकून बसत आणि ज्याची शेळी त्याला देत. बैठकीचं नाव होतं 'भरकटलेल्या शेळ्या व इतर किरकोळ बाबी'. खांबाचा अर्ज किरकोळ बाबींत गेला. छापील अर्ज एकच, तोही शेळीचा, असल्यामुळे हवालदाराने त्याचा रंग लिहिला, शिंगं या रकान्यात 'आढळली नाहीत' असं लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. पलीकडून लगेच उत्तर आलं. मिशीवालाही फौजेतून सुटला होता, त्यांच्याकडेही महिनाअखेरचा तोच नियम होता, आणि त्याच्याही कामाकडे जन्मात कोणी बघितलेलं नव्हतं. तो आनंदाने यायला तयार होता. हे कळल्यावर मॅडम म्हणाल्या, "रेफरन्स तोंडी असेल तर तो आम्ही समक्षच घेतो," आणि त्याही पुलावर आल्या.

मिशीवाल्याला दुर्बिणीशिवाय बघायची खांबाची ही पहिलीच वेळ. माणूस अगदी एवढासा होता. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि सवयीने एकमेकांकडे बघत राहिले.

"वाळलात," मिशीवाला शेवटी म्हणाला.

"तुम्ही मिशी कापलीत थोडी," खांब म्हणाला.

दोन्ही काठांची भाषा तीच होती, फक्त शिव्या वेगळ्या होत्या. त्यामुळे दुभाष्या लागला नाही. एका शेळीची ओळख पटवून झाल्यावर टेबलावर खांबाचा विषय आला. मॅडमनी पेन उघडलं.

"तुम्ही यांना कधीपासून ओळखता?"

"ओळखत कुठं, नुसतं बघितलंय. पण असं बघितलंय मॅडम, की तेवढं बायकोकडे बघितलं असतं तर आज ती माहेरी नसती."

"यांच्या कामाबद्दल काय सांगाल?"

"देवमाणूस! ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, जागचा हलला नाही. एकदा अंगात फणफणून ताप होता तरी उभा. मला कळलं, कारण टोपी उलटी घातली होती. आणि ज्या दिवशी मुलगी झाल्याचं कळलं त्या दिवशी हा मनोऱ्यावर एकटाच नाचला. नियमाने ती 'संशयास्पद हालचाल' म्हणून मी वर कळवायला हवी होती. नाही कळवली."

"मुलगी झाली हे तुम्हाला कसं कळलं?"

"दुसऱ्या दिवशीपासून गुलाबी लोकर घेऊन विणायला बसला... म्हणजे उभा राहिला. बाही एकच विणली हो यानं. मी तिकडून हातवारे करून सांगत होतो, दुसरी राहिली, दुसरी राहिली!"

खांबाला भरून आलं. मुलगी झाली त्या दिवशी त्याच्याजवळ आपलं असं कोणी नव्हतं. होता तो हा एकटाच, आणि त्याच्यावर बंदूक रोखून उभं राहायचा आपल्याला हुकूम होता, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अलीकडच्या बाजूने बैठकीला आलेल्या कॅप्टनसाहेबांना मात्र घाम फुटला होता. त्यांनी खांबाला दंडाला धरून कठड्याशी नेलं. "अरे, हे काय चाललंय? शत्रू तुझं कौतुक करतोय!"

"साहेब, रेफरन्स आहे तो."

"रेफरन्स गेला खड्ड्यात. शत्रूने आपल्या माणसाचं कौतुक केलं की चौकशी बसते. तुझ्यावर बसेल आणि मी इथे हजर होतो म्हणून माझ्यावरही बसेल. त्याला निंदा करायला सांग. शत्रूने निंदा केली की तो आपला गौरव असतो."

खांबाने मिशीवाल्याकडे नुसतं बघितलं. इतका काळ सगळं बघण्यावरच चाललेलं, त्यामुळे मिशीवाल्याला ते तिथल्या तिथे समजलं. त्याने टेबलावर मूठ आपटली.

"पण त्रासदायक म्हणाल तर एक नंबरचा! याच्यापायी आमचं मांजरसुद्धा नदी ओलांडू शकलं नाही. याचा डोळा म्हणून मिटत नाही. बसत नाही, लवंडत नाही, साधी जांभई देत नाही. असला ताठ माणूस वैऱ्यालासुद्धा मिळू नये!"

कॅप्टनसाहेबांची छाती फुगली. मॅडमनी मान वर केली.

"लवंडत नाही? कधीच?"

"कधीच नाही!" मिशीवाला आणि कॅप्टनसाहेब एका सुरात म्हणाले.

"आमचं काम सगळं लवंडण्याचंच आहे हो," मॅडम काळजीने म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं. "बरं, आमच्याकडे मूल्यमापन परस्परांचं असतं. आता तुम्ही यांच्याबद्दल सांगा."

खांबाला मिशीवाल्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे होते. त्या बिचाऱ्यालाही नोकरी हवी होती, आणि उपकार अंगावर ठेवून घेणाऱ्यांपैकी खांब नव्हता. पण त्याने तोंड उघडलं मात्र, कॅप्टनसाहेबांनी मागून बुटाने बूट दाबला. शत्रूचं कौतुक केल्यास चौकशी बसते, हे इकडूनही लागू होतं.

"आळशी!" खांब ओरडला. "जेवण झालं रे झालं की वाळूच्या पोत्यांवर आडवा! आधी डाव्या कुशीवर, मग उजव्या. आणि नखरे तरी किती! एखादं पोतं टोचलं की उठायचा, सगळी पोती उपसायचा, पुन्हा रचायचा. इकडे दोन देश लढताहेत आणि हा पोत्यांतले खडे वेचतोय! शेवटी अशी रचली की पडल्या पडल्या घोरायला लागायचा."

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. "कोणतं पोतं टोचतंय ते यांना कळायचं?"

"अहो, डोळे मिटून कळायचं!" खांब आवेशात बोलून गेला.  आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. मॅडम मिशीवाल्याला विचारत होत्या की कापूस बरा की काथ्या, आणि मिशीवाला बिचारा विचारलं म्हणून उत्तर देत होता.

कारखान्याची जागा मिशीवाल्याला मिळाली. तो शत्रुराष्ट्राचा नागरिक असल्याची अडचण पुलावरच सुटली. 'भरकटलेला, मालकाने मागणी केल्यास परत' अशी नोंद करून त्याला अलीकडे घेण्यात आलं, आणि पलीकडून कोणी मागणी केली नाही. मॅडमनी खांबाला मुद्दाम फोन केला. "तुमचा रेफरन्स उत्तम होता हं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही दिलेला."

शत्रूचा अभिप्राय इतका अचूक निघाल्याचं बघून इतर कारखान्यांनीही तो मागायला सुरुवात केली. मग बँका, दवाखाने, शाळा सगळेच मागू लागले. मित्र काय, गोडच बोलणार. ज्याचं तुमच्यावाचून अडत नाही आणि ज्याला तुम्ही डोळ्यांसमोर नको आहात, तोच खरं सांगणार, असं तज्ज्ञांनी सांगितलं. ज्यांना शत्रू होते त्यांच्या बढत्या झाल्या. बायकांना हा प्रश्न फारसा पडला नाही, नणंदा आणि जावा घरातच होत्या. पण भल्या माणसांचे फार हाल झाले. एका शाळेच्या मुख्याध्यापिका जन्मभर सगळ्यांशी गोड वागलेल्या. वरची जागा हातची जाते असं दिसल्यावर त्या एका सकाळी शांतपणे शेजारणीच्या कुंड्या फोडून आल्या. मेहुण्याने चौकात कचेरी थाटली आणि गरजूंना शत्रू पुरवायला लागला. त्याच्या दारात एरवी एकमेकांवर जीव टाकणारे मित्र एकमेकांच्या कानाखाली वाजवत रांगेत उभे असत.

महिना संपत आला तसा खांबही मानापमान गिळून तिथे गेला.

"मला एक शत्रू दे रे बाबा. घरातलाच आहेस, एवढं कर."

मेहुण्याचा चेहरा पडला. "भाऊजी, तुमच्यासाठी मी काय कमी खटपट केली? पण तुमच्याबद्दल वाईट बोलायला कोणी तयारच होत नाही. लोक म्हणतात, वैर धरायला तो माणूस इथं होता कुठं?"

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मिशीवाला घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना.

"मी राजीनामा देतो," तो म्हणाला. "ही जागा तुमची आहे. मला तिथे झोप लागत नाही."

"राजीनामा दिलात तर तुमचे लोक तुम्हाला मोकळे समजतील," खांब म्हणाला. "आणि लवंडत नाही म्हणून मॅडम मला घ्यायच्या नाहीत. मग तुम्ही तुमच्या मनोऱ्यावर, मी माझ्या. त्यापेक्षा एकजण तरी सुटला, ते बरं नाही का? या, आत या. चहा घ्या."

मुलगी पळत बाहेर आली आणि मिशीवाल्याकडे डोळे विस्फारून बघत राहिली. मग तिने खांबाचा हात धरून ओढला.

"बाबा, या काकांची मिशी खरी आहे?"

चहा टाकायला निघालेली बायको जागच्या जागी थांबली.  महिनाभर ज्या एका शब्दासाठी जीव टाकला तो मिळाला, आणि नेमका पेटी भरायच्या दिवशी मिळाला. मिशीवाल्याने खाली बसून मिशी पुढे केली आणि तिला ओढून बघायला सांगितलं. तिने ओढली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मिशीमुळे असं सगळे धरून चालले.

दुसऱ्या दिवशी खांब मोकळा इसम म्हणून मनोऱ्यावर रुजू झाला. शिडी चढून तो आपल्या जागी उभा राहिला आणि त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. पलीकडच्या मनोऱ्यावर नवा माणूस आला होता. चांगला भरल्या अंगाचा, पोक्त गृहस्थ. तो नदीकडे पाठ करून खुर्चीत बसला होता आणि मोबाइलमध्ये मान घालून हसत होता. खांब ताठ उभा राहिला. शिस्तीत इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला. गृहस्थाने मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी दुपारी गृहस्थाची मान छातीवर टेकली आणि खांब मनाशी हिशेब करू लागला. हा बघत नाही, म्हणजे अभिप्राय नाही. अभिप्राय नाही, म्हणजे नोकरी नाही. नोकरी नाही, म्हणजे मुलगी दार उघडून बघेल तेव्हा पुन्हा कोण म्हणून बघेल?

त्याने पत्र्याचा रिकामा डबा घेतला आणि कठड्यावर आपटायला सुरुवात केली.

"ओ भले गृहस्थ! उठा! इकडे बघा! शत्रू इकडे आहे, इकडे!"

गृहस्थाने मान जराशी वळवून एक डोळा उघडला, कूस बदलली आणि पुन्हा मिटला. मनोऱ्याखाली कॅप्टनसाहेब धावत आले आणि हे काय चाललंय म्हणून विचारू लागले. शत्रूला जागं केल्यास काय करावं, हे नियमात कुठेच दिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांनाही काही करता आलं नाही. खांबाचं डबा वाजवणं अजून चालू आहे.

हसताय ना? हसा. पण उद्या कामावर गेलात की मान वर करून एकदा सगळीकडे नजर फिरवा. तुमचं काम रोज, स्वतःच्या डोळ्यांनी बघणारं कोणी दिसतंय का? साहेब? ते मीटिंगमध्ये आहेत. शेजारचा? तो स्वतःच्या कामाकडेही बघत नाही. तेव्हा उगाच खाली मान घालून इमानेइतबारे राबत बसू नका. उठा, आणि वेळ आहे तोवर कोणाशी तरी कडाक्याचं भांडून या.